कळलंबाई

त्या वर्षी उन्हाळा पुरता लागायच्या आतच विहिरीनं तळ दाखवला आणि मायलेकींची झोप उडाली. कांदा अजून जमिनीत होता. पात माना टाकायला लागली होती. आता पाणी देऊन तो फुगवण्यात अर्थ नव्हता आणि तसाच ठेवण्यातही नव्हता. तापलेल्या मातीत कांदा आतल्या आत शिजतो, वरून गोरागोमटा दिसतो आणि छपराखाली गेला की घाण सोडतो. मजूर लावावेत, तर सगळ्यांचाच कांदा एकदम काढणीला आलेला. ज्याच्या घरात हात जास्त, त्याचं काम आधी उरकत होतं. ह्यांच्या घरात माणसंच दोन. एक म्हातारी, तिचे गुडघे तिच्यापेक्षा जास्त बोलायचे. दुसरी तिची लेक, हायस्कुलात गणिताची बाई.

उजाडलं की दोघी वाफ्यात उतरायच्या. आई कांदा उपटत पुढं जायची, लेक मागून विळ्यानं पात कापत यायची. कापताना बोटभर मान ठेवायची, नाहीतर कांद्याच्या तोंडातून सड आत शिरते. हे आई रोज एकदा सांगायची आणि लेक रोज एकदा "माहितीये गं" म्हणायची. शाळेची वेळ झाली की लेक हातपाय धुवायची, बोटांना लिंबाची फोड चोळायची, केस विंचरून पळत सुटायची. वास काही जायचा नाही. वर्गात शिरली की पहिल्या बाकावरच्या पोरी नाकाला रुमाल लावून एकमेकींना कोपरं मारायच्या. खरं म्हणजे त्यासुद्धा पहाटेपासून कांद्यातच असायच्या, पण बाईंना वास येणं म्हणजे काही निराळीच मजा होती.

शाळेत ती तात्पुरती होती. हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यांच्या खाली, तेही पेन्सिलीनं. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या होत्या त्या कायम असलेल्यांसाठी. हिच्या वाट्याला खिडकीजवळचं एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड. ती बसली की ते टक्कन वाजायचं आणि हेडसर पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "आल्या वाटतं बाई." सुरुवातीला तिला फार लागायचं हे. मग तिनं अलगद, एका अंगावर भार देऊन बसायची युक्ती शोधून काढली. तरी उठताना ते वाजायचंच.

पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं कळलंबाई. फळ्यावर एक पायरी लिहायची, वळायची आणि विचारायची, "कळलं?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "कळलंऽऽ!" पुढची पायरी. "कळलं?" "कळलंऽऽ!" शेजारच्या वर्गात इतिहास शिकवणाऱ्या सरांना त्या आरोळ्यांची इतकी सवय झाली होती, की ते त्यांच्या तालावर लढाया जिंकायचे. एवढं कळूनही चाचणीत निम्मा वर्ग आडवा पडायचा. तेव्हा ती पेपरांच्या गठ्ठ्यासमोर कपाळाला हात लावून बसायची.

आणि बाजारात, रस्त्यात, कुठंही कुणीतरी भेटायचंच. पिठाच्या गिरणीवाला, सुतार, पोस्टातला कारकून, सगळे तिच्या बाबांचे विद्यार्थी. "मास्तरांचं गणित म्हणजे डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसायचं हो," ते म्हणायचे. मग हिच्याकडे बघून घाईघाईनं म्हणायचे, "तुमचंही चांगलंच असेल म्हणा."

बाबा त्याच शाळेत, त्याच वर्गांना आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. घरात खडू नसला की त्यांना करमायचं नाही, असं आई म्हणायची.

एके दिवशी हेडसरांनी तिला बोलावलं. समोर खुर्ची होती, पण बसा म्हणाले नाहीत.

"पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब येताहेत," ते म्हणाले. "तुमचा पाठ बघणार. पसंत पडला तर तुम्ही कायम झालात म्हणून समजा. नाही पडला तर नव्या वर्षी दुसरं कुणीतरी येईल. मी काही करू शकत नाही, स्पष्टच सांगतो."

"हो सर."

"पाठाचं टाचण झकास लिहा. उद्दिष्टं, साधनं, सगळे रकाने भरा. साहेबांचा रकान्यांवर फार जीव. आणि हे बघा..." इथं त्यांनी आवाज खाली आणला. "तोच पाठ आदल्या दिवशी एकदा घेऊन टाका. म्हणजे साहेबांसमोर पोरं फडाफडा उत्तरं देतील. आम्हीही असेच कायम झालो."

ती हो म्हणून बाहेर आली. ही नोकरी गेली तर दुसरी बघायला गाव सोडावं लागणार, आणि आई काही ही विहीर, हे छप्पर सोडून येणारी बाई नव्हती. म्हणजे आई इथं एकटी, तिचे ते गुडघे, आणि एवढी जमीन. ह्या एका पाठावर त्यांचं एकत्र राहणं टांगलेलं होतं. संध्याकाळी वाफ्यात तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं उपटलेला कांदा झटकला, त्याची माती पडली.

"मग चांगला घे की पाठ," आई म्हणाली, जणू लेक वाईट घ्यायचा विचार करत होती.

त्या संध्याकाळी जेवणं उरकल्यावर लेक स्वयंपाकघरात टाचण लिहायला बसली. विषय निवडला होता एकसामयिक समीकरणं. दोन समीकरणं, दोन अज्ञात, एक क्ष आणि एक य. एका समीकरणातून दुसरं वजा करायचं, एक अज्ञात उडवायचा, दुसरा सापडतो. उद्दिष्टं लिहून झाली. साधनं: खडू, फळा. तिथं हात थांबला आणि नजर समोरच्या दारावर गेली.

स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू हा बाबांचा फळा होता. कितीदा पुसलं तरी लाकडाच्या रेषांत खडू बसलेला, त्यामुळे ते दार अजून इतर दारांपेक्षा पांढुरकं दिसायचं. ती लहान असताना रोज संध्याकाळी ठरलेला कार्यक्रम असायचा. आई खाली बसून धान्य निवडायची, नाहीतर शेंगा सोलायची. बाबा दारापाशी बसून उद्याचा पाठ आईला सांगायचे. आई शाळेत गेली होती ती अक्षरओळख होण्यापुरतीच. बाबा म्हणायचे, "हिच्या डोक्यात शिरलं तर वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जातं." मग दारावर त्रिकोण निघायचे, वर्तुळं निघायची. सगळं सांगून झालं की बाबा विचारायचे, "कळलं?"

आणि आई सूप न थांबवता म्हणायची, "नाही कळलं."

बाबा डोकं खाजवायचे. दार पुसायचे. पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं सांगायचे. कधी घरातल्या तांब्या-वाट्या मांडायचे, कधी स्वतःच वर्तुळ होऊन स्वयंपाकघरात फिरायचे, आणि लहानगी लेक कोपऱ्यात हसून लोळायची. "कळलं?" "अंहं." मग तिसऱ्यांदा. लेकीला झोप यायची ती ह्या आवाजावरच. बाबांचं बोलणं, खडूची किरकिर, सुपातल्या धान्याची सळसळ. एवढं सुरक्षित तिला पुढं आयुष्यात कुठंच वाटलं नाही. टाचण पुढ्यात ठेवून ती तशीच बसून राहिली. तिला बाबांची फार आठवण आली.

"आई," ती म्हणाली, "तुला सांगू का पाठ? बाबांसारखा?"

आई लसूण सोलत होती. "सांग की."

लेकीनं दारावर खडूनं लिहिलं. "समज, दोन मोठ्या टोपल्या कांदा आणि तीन लहान टोपल्या, सगळं मिळून पंचाण्णव किलो. आणि दोन मोठ्या आणि एक लहान, पासष्ट किलो. मोठीला क्ष म्हणू, लहानीला य. आता पहिल्यातून दुसरं वजा केलं. दोन क्ष गेले. उरले दोन य, बरोबर तीस. म्हणून य पंधरा. मग क्ष पंचवीस. कळलं?"

"नाही कळलं."

"काय नाही कळलं?"

"त्या दोन मोठ्या टोपल्या गेल्या कुठं?"

"गेल्या म्हणजे... वजा झाल्या."

"अगं पण कांद्यानं भरलेल्या टोपल्या. अशा कशा जातील?"

"आई, ते गणित आहे!" लेक वैतागली. दिवसभराचा शीण तिच्या आवाजात उतरला. "खऱ्या टोपल्या नाहीत त्या. राहू दे, तुला नाही जमायचं."

आईनं सालं गोळा केली, चुलीत टाकली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. लेकीला लगेच वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

पुढचे दिवस कामानं खाल्ले. उन्हाचा तडाखा वाढला. कापलेला कांदा ओळीनं पसरायचा, त्याच्यावर पात झाकायची, सुकला की टोपल्या भरून छपराखाली न्यायचा, जोडकांदा बाजूला काढायचा. लेकीच्या तळहाताला विळ्याच्या मुठीचा फोड आला, तो फुटला, खडू धरला की चुरचुरायचा. हेडसर येताजाता विचारायचे, "झालं का टाचण?" टाचण झालं होतं. सुबक अक्षर, सगळे रकाने भरलेले. बघून हेडसरांना भरून आलं.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी तिनं पाठ घेऊन टाकला. पोरांना सांगितलंच होतं, उद्या हेच, असंच. पोरं तयारीची. "वजाबाकी केल्यावर कोण जातं?" "क्षऽऽ!" "य किती?" "पंधराऽऽ!" हेडसर दारात उभं राहून ऐकत होते. त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा शिक्षकांच्या खोलीत तिला म्हणाले, "बसा की खुर्चीवर." इतिहासाचे सर तासावर गेले होते, त्यांची रिकामी होती.

संध्याकाळी दोघी शेवटच्या वाफ्यात होत्या. उन्हं उतरली होती. लेक खुशीत होती, भराभर हात चालवत होती. तिनं शाळेत काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे उद्या झालेलंच परत शिकवायचं?" आईनं विचारलं.

"सगळे असंच करतात."

"बरं." आई थोडा वेळ उपटत राहिली. मग कंबर सरळ करायला थांबली. डोक्याचं फडकं सोडून तिनं तोंड पुसलं. "एक सांगू? हसू नको."

"सांग."

"तुझे बाबा मला पाठ सांगायचे ना, ते मला बहुतेक वेळा पहिल्यांदाच कळायचं."

लेकीचा विळा थांबला. "काय?"

"आता काही नाही कळायचं ते नाहीच कळायचं, ते त्रिकोणांचं वगैरे. पण पुष्कळसं कळायचं."

"मग नाही कळलं का म्हणायचीस?"

"कळलं म्हटलं की हे उठायचे." आई सहज बोलत होती, पण लेकीकडे बघत नव्हती, दूर विहिरीकडे बघत होती. "सुरुवातीला, लग्न नवं होतं तेव्हा, मी म्हणायचे कळलं. कळलं म्हटलं की खडू ठेवायचे, हात झटकायचे, चालले बाहेर वह्या तपासायला. दिवसभर मी एकटी. बोलायला कोण? तुझ्या बाबांना माझ्याशी बोलायला दुसरं काही सुचायचंच नाही. बिचारे गणिताचे. मग एकदा खरंच नाही कळलं, तसं म्हटलं, तर परत बसले. तिथून मी धडाच घेतला."

लेकीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तीन तीन तऱ्हांनी सांगितलेलं ते गणित. गिरणीवाल्याच्या, सुताराच्या, पोस्टातल्या कारकुनाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलेलं. त्यासाठी गावानं बाबांना डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याच्या मुळाशी काय होतं, तर स्वयंपाकघरात एकट्या पडणाऱ्या एका बाईला नवरा थोडा वेळ जवळ बसायला हवा होता.

"बाबांना माहीत होतं?"

"कोण जाणे." आईनं फडकं पुन्हा बांधलं. "शेवटी शेवटी 'कळलं का' विचारायचंच सोडून दिलं होतं त्यांनी. सांगून झालं की स्वतःच म्हणायचे, 'नाही ना कळलं? थांब, परत सांगतो.' आणि बसायचे."

एवढं बोलून आई वाकली आणि उपटू लागली. मान बोटभर ठेव, हेसुद्धा त्या दिवशी आईनं सांगितलं नाही.

साहेब आले ते उन्हं चढल्यावर, घामानं निथळत. बारीक चणीचे, चष्म्याचे, फार न बोलणारे. त्यांना मागच्या भिंतीशी खुर्ची दिली, पाणी दिलं. हेडसर शेजारी उभे, हात बांधून. पोरं ताठ बसलेली, केसांना तेल थापलेली. लेकीनं दोन समीकरणं फळ्यावर लिहिली. अक्षर छान आलं. पहिल्यातून दुसरं वजा केलं.

"कळलं?"

"कळलंऽऽ!"

छप्पर दणाणलं. हेडसर समाधानानं चवड्यांवर उंच झाले.

आणि लेकीला ती आरोळी आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आली. इतके दिवस ती नुसती कानावर पडत होती. पोरं कळलं म्हणत होती ती कळलं म्हणून नव्हे, ते म्हटलं की बाई पुढं जातात म्हणून. पुढं गेल्या की घंटा होते, घंटा झाली की सुटका. आईनं जो शब्द माणूस जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं गिळला, तोच ही पोरं बाईंनी लवकर जावं म्हणून तोंडावर फेकत होती, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना तिनंच शिकवलं होतं तसं.

तिनं खडू टेबलावर ठेवला. व्यासपीठावरून खाली उतरली आणि पहिल्या बाकावर, दोन पोरींच्या मध्ये जाऊन बसली. पोरींनी दचकून जागा केली.

"मला नाही कळलं," ती म्हणाली.

हेडसर चवड्यांवरून खाली आले.

"त्या दोन मोठ्या टोपल्या गेल्या कुठं?" तिनं विचारलं. "कांद्यानं भरलेल्या होत्या. पंचवीस पंचवीस किलोच्या. अशा कशा गेल्या?"

"वजा झाल्या, बाई," एक हुशार पोरगा म्हणाला.

"म्हणजे कुठं गेल्या?"

पोरगा वही चाळू लागला. कालच्या तालमीत हा प्रश्न नव्हता. मागून कुणीतरी खुसखुसलं. "चोरीला गेल्या," दुसरा म्हणाला, आणि वर्ग फुटून हसला. हेडसरांनी डोळे वटारले, पण हसू थांबेना.

"चोरीला गेल्या असतील तर वजन कसं बरोबर येईल?" तिनं विचारलं. "मला नाही कळलं. कुणीतरी सांगा."

मग जो गोंधळ झाला तसा गोंधळ त्या वर्गात आजवर झाला नव्हता. एकजण म्हणाला क्ष शून्य झाला. दुसरी म्हणाली, मग मोठी टोपली रिकामी होती का? तिसरा म्हणाला, बाईंनी चूक लिहिलंय. चौथा उठून फळ्याशी आला आणि पुसायलाच लागला, त्याला बाकीच्यांनी खाली ओढलं. काल फडाफडा पंधरा म्हणणाऱ्यांपैकी एकालाही पंधरा कुठून आले ते माहीत नव्हतं, हे आता सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. लेक बाकावर बसून होती. मागच्या भिंतीकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

खिडकीजवळच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. अबोल, मातीचे डाग न गेलेल्या हातांची. तिला वर्गात सगळे मुकी म्हणायचे. "बाई, वह्या घेऊ का?"

"घे."

तिनं दोन बाकं रिकामी करायला लावली. प्रत्येक बाकावर दोन दप्तरं ठेवली. मग एका बाकावर दप्तरांशेजारी तीन वह्या, दुसऱ्यावर एकच. "ही दप्तरं मोठ्या टोपल्या," ती पुटपुटली. "इकडं दोन, तिकडंही दोन. सारख्याच. मग इकडचं वजन जास्त का भरलं? दप्तरांमुळे नाही." तिनं दोन्ही बाकांवरची दप्तरं उचलून खाली ठेवली. "ह्या जात नाहीत कुठं. आपण बाजूला ठेवतो फक्त. आता बघा, इकडं दोन वह्या जास्त. तेच तीस किलो." मग ती थोडी थांबली, विचार केला आणि खालचं एक दप्तर परत वर ठेवलं. "लहानीचं कळलं की मोठी परत बोलवायची. तिचं काढायचं."

"मला अजून नाही कळलं," लेक म्हणाली. "परत सांग."

आता पाच-सहाजण एकदम सांगायला उठले. एकमेकांच्या चुका काढत, दप्तरं ओढत, आकडे बदलून बघत. सांगता सांगता कुणाचा तरी चेहरा मधेच उजळायचा. घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. टाचणातली पुढची उदाहरणं तशीच राहिली, फळ्यावर उत्तरसुद्धा कुणी लिहिलं नाही.

साहेब उठले. टाचण हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"ह्यात लिहिलेलं काहीच झालं नाही," ते म्हणाले.

"नाही झालं, साहेब."

"पाठ पुरा झाला नाही."

"नाही झाला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ही युक्ती कुठं शिकलात?"

"घरी," लेक म्हणाली.

साहेबांनी टाचण टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले. लेक शिक्षकांच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली, चांगली धपकन. ते टक्कन वाजलं आणि ह्या वेळी तिला त्याचं काहीच वाटलं नाही. नोकरी गेली, असंच तिनं घरी येऊन आईला सांगितलं. आईनं सगळा पाठ दोनदा सांगायला लावला.

कांदा छपराखाली गेला, वाफे मोकळे झाले आणि मग हुकूम आला. हेडसरांनी स्वतः वाचून दाखवला, खुर्ची देऊन. ती कायम झाली होती. पण इथं नाही. लांबच्या मोठ्या गावातल्या मोठ्या शाळेत, जिथून रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. खाली साहेबांनी पेनानं दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या: त्या शाळेत सगळ्या मुलांना सगळं कळतं आणि निकाल लागत नाही, न कळणारी बाई तिथं पाहिजे.

"नशीब काढलंत!" हेडसर म्हणाले. लेक हुकूम घेऊन उभी होती. आईजवळ राहायला मिळावं म्हणून तो पाठ होता, आणि त्याच पाठानं तिला उचलून लांब नेऊन ठेवलं होतं.

"मी नाही जायची," तिनं घरी आल्या आल्या सांगून टाकलं.

"जायचं," आई म्हणाली. एवढंच. त्यावर वाद झाला नाही, कारण आई पाणी आणायला निघूनच गेली.

मग लेकीनंच सगळं जुळवायला घेतलं. जमीन शेजारचे काका अर्ध्यानं करतील. काकू रोज सोबतीला येऊन निजेल. शनिवारी शाळा सकाळची, म्हणजे संध्याकाळच्या गाडीनं ती घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. सुट्टीत तर आहेच. रोज संध्याकाळी आई काहीतरी निवडत बसायची आणि लेक दारापाशी बसून हे सगळं तिला सांगायची. सांगून झालं की आई सूप न थांबवता म्हणायची, "नाही कळलं. शनिवारचं परत सांग."

लेक परत सांगायची. वेगळ्या तऱ्हेनं. दारावर खडूनं वार लिहून दाखवायची. दोघींनाही ठाऊक होतं हे काय चाललंय, आणि दोघीही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. त्या संध्याकाळी संपूच नयेत असं लेकीला वाटायचं.

जायच्या दिवशी उजाडतानाच ट्रंक भरून दारात ठेवली होती. काका ती डोक्यावर घेऊन पुढं गेले. गाडी यायला अजून वेळ होता. आई चुलीपुढं बसली होती, चहा झाला होता, आणि लेक कपबशी हातात घेऊन तशीच बसून राहिली. चहा संपला तरी उठली नाही.

"हे बघ आई," तिनं सुरुवात केली, "शनिवारी शाळा सुटली की मी गाडी..."

"कळलं," आई म्हणाली.

लेक बघतच राहिली. हे उत्तर आईच्या तोंडून तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. आईचा चेहरा चुलीकडे होता. ती चिमट्यानं निखारे मागं सारत होती.

"अगं, पण सोमवारचं..."

"सगळं कळलं," आई म्हणाली. "ऊठ आता."

लेकीनं कपबशी खाली ठेवली आणि ती उठली.